चढावर अडणारं इंजिन

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नसे. सगळे मोटारीशी बोलत. आबा, म्हणजे माझे वडील, सकाळी चूळ भरली की अंगणाच्या टोकाला उभ्या असलेल्या मोटारीकडे बघून पहिला शब्द काढत, "काय बाय, आज काय इचार हाय तुजा?" दादा तिच्या नावानं हिंदीतल्या शिव्या पुटपुटे, त्या त्यानं मुंबईहून आणल्या होत्या. आणि आई भाकरी थापता थापता जे काही बोले तेही तिलाच उद्देशून असे. त्यातलं पुष्कळसं मला इथं लिहिता येणार नाही. मी तेव्हा सोळाएक वर्षांची. लग्नाचं बोलणं चाललेलं, मराठी चौथी होऊन बरीच वर्षं लोटलेली, आणि कानांत सदा तो एक आवाज. टप, टप, टप, आणि जिथं चौथा टप यायला हवा तिथं काहीच नाही.

आमचं घर पोलादपूरच्या अलीकडे, सावित्रीच्या काठच्या एका वाडीत. पुढं पडवी, मागं गोठा, खाली नदीपर्यंत भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या अंगाला नाचणी-वरीचे तुकडे. आबा पक्के शेतकरी. पण वाडीतल्या निम्म्या घरांतले बापये मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. ते सणासुदीला लाँचनं दासगावच्या बंदरात उतरत आणि तिथून पुढं डोक्यावर ट्रंका घेऊन पायी येत. ते बघून आबांच्या मनात मोटार भरली. महाडच्या एका शेठजींनी वापरून टाकून दिलेली गाडी त्यांनी घेतली. वर कॅनव्हासचा टप, बाजू उघड्या, मागं समोरासमोर दोन बाकडी, आणि पुढं हँडल मारून चालू करायचं चार सिलिंडरचं इंजिन. मुंबईत एका गॅरेजात मोटारी धुता धुता चालवायला शिकलेल्या दादाला त्यांनी बोलावून घेतलं. दादा काही राजीखुशीनं आला नव्हता. पण आला, आणि वर्षभर गाडी महाड ते पोलादपूर अशी झकास धावली. सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन कोळणी बसत, तालुक्याच्या कचेरीत जाणारे वकील नाकाला उपरणं लावून त्यांच्या समोर बसत, आणि मोटार रात्री अंगणात आली तरी तिला बोंबलाचा वास येई.

माघात कधीतरी ती बिघडली. बिघडली म्हणजे बंद पडली असती तर बरं झालं असतं. बंद पडलेल्या वस्तूचं काय करायचं ते माणसाला समजतं. ही सपाटीवर नीट चाले. चढ आला की मधेच हिसका देई, पुन्हा सावरे, पुन्हा हिसका, आणि मग गचके खात खात वर सरके किंवा नुसतीच थांबे. उतारू उतरून ढकलत. दादा म्हणे, "आबा, इंजिन मिस मारतंय." आबांना तो शब्द पटत नसे. ते म्हणत, "चार बैल जुपलेत आनि येकानं मान टाकलीय. कुठला त्यो सांग." पण कुठला तेच तर कळत नव्हतं.

त्यासाठी दादाची एक युक्ती होती. इंजिन चालू ठेवायचं, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा आणि एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवून त्याची ठिणगी मारायची, म्हणजे तेवढ्यापुरता तो सिलिंडर बंद. ज्या प्लगची ठिणगी मारल्यावर आवाजात काही फरक पडणार नाही, तो सिलिंडर मुळातच मेलेला. अंगणात हा प्रयोग किती वेळा झाला ते विचारू नका. दादा प्लगवर लोखंड टेकवी, इंजिन अडखळे. दुसऱ्यावर टेकवी, अडखळे. तिसरा, चौथा, तेच. म्हणजे चारही जिवंत. आबा कान देऊन उभे, मी पडवीत जात्यावर बसलेली, जातं थांबवून मीही ऐकत राहायची. अंगणात तिचा ठेका भजनातल्या मृदंगासारखा स्वच्छ. आणि दुसऱ्या दिवशी खिंडीच्या चढावर, भरल्या उतारूंसमोर, पुन्हा तीच गत.

मग त्यांनी ती उकलायला घेतली. आईचं जुनं लुगडं फाडून त्यातून पेट्रोल गाळलं, कारण डब्यात पाणी असावं असं आबांना वाटलं. कार्बोरेटरच्या बारीक भोकातून केरसुणीचा हीर घालून काढला. प्लग काढून राखेनं आणि काथ्यानं घासले. कुणीतरी सांगितलं की प्लगला तेलाचं कीट धरतं, ते जाळावं लागतं. तेव्हा दादानं ते चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवले. त्याच निखाऱ्यांवर आईनं भाकरी फुगायला उभी केली होती. त्या सकाळी आम्ही सगळ्यांनी पेट्रोलच्या वासाची नाचणीची भाकरी कुळथाच्या पिठीबरोबर खाल्ली. शेवटी आई म्हणाली, "उद्या सुकटीत नट-बोल्ट घालते. खा." आबांनी भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "घाल. पन कुठला नट कुठं घातलास त्ये ध्यानात ठेव."

हसू येतंय आज. तेव्हा येत नव्हतं. अशी एखादी वस्तू घरात असली, जी आत्ता ठीक आहे पण केव्हा दगा देईल सांगता येत नाही, की माणसांनाही तशीच सवय लागते. आबा जेवताना बोटांनी पाटावर ठेका धरत. दादा खाटेवरून उठून अंगणात जाई, झाकण उघडी, काहीतरी चाचपे, परत येई. मी दळायला बसले तरी जात्याची घरघर मोजत असे, कुठं चुकते का बघत. अलीकडे डॉक्टरनं माझ्या छातीला यंत्र लावून सांगितलं, "आजी, तुमच्या हृदयाचा मधूनच एक ठोका चुकतो." माझ्या लेकाचा चेहरा पडला. मी म्हटलं, चढावर चुकतो की सपाटीवर, ते बघा आधी.

महाडच्या एका गॅरेजातला मिस्त्री बोलावला. तो आला, त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला, अंगणात इंजिन चालू केलं, प्रत्येक वायर डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. इंजिन शहाण्या सुनेसारखं चाललं. रस्त्यावर नेऊन बघा म्हणून आबांनी विनवलं, तर रिकामी गाडी त्या दिवशी खिंडही चढून गेली. मिस्त्री जेवला, कोट चढवला आणि निघताना आबांना बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीत काही दोष नाही हो. चालवणारा गिअर उशिरा टाकत असेल." हळू बोलला, पण दादा तिथंच नळीत तेल सोडत उभा होता.

त्यात मिस्त्रीचा दोष म्हणता यायचा नाही. त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. पण त्या एका वाक्यानं आमच्या घरात जे केलं ते बिघाडानं केलं नव्हतं. वर्षभर दादाच्या शेजारी बसून आबाही चालवायला शिकले होते; दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच गाडी चालवायला लागले. दादाकडे राहिलं ते हँडल मारणं, आणि चढावर गाडी थांबली की चाकामागं लाकडी ठोकळा लावणं. आबांच्या हातीही गाडी तशीच हिसके देई. पण आबांनी ते कधी तोंडानं कबूल केलं नाही आणि दादानं कधी बोलून दाखवलं नाही. दोघं एकाच गाडीत शेजारी शेजारी बसून महाडला जात आणि तसेच परत येत.

शिमग्याला मुंबईकर आले. वर्षातली आमच्या गाडीची सगळ्यात मोठी धावपळ ती. पण पहिल्याच खेपेला गाडी चढावर मागं सरकली, बायका किंचाळल्या, एका म्हाताऱ्याचा गुडघा फुटला, आणि बातमी आमच्या आधी वाडीत पोचली. उरलेले मुंबईकर बैलगाड्या करून आले. ग्रामदेवीची पालखी आमच्या अंगणात नाचायला आली तेव्हा मोटार आड येत होती. पालखीवाल्यांनी तिला वळसा घातला. कुणीतरी हसून म्हणालं, "हिला बी नाचवा रे, चढावर नाचते ती!" आबा हसले. त्यांच्या हसण्याकडे मला बघवलं नाही.

त्याच दुपारी, पुरणपोळीचं ताट पुढ्यात असताना, दादा म्हणाला, "आबा, इकून टाका ही धोंड."

"आनि तू काय करशील?"

"जातो मुंबैला. गॅरेजवाला घेतो म्हनाला."

"गाडी इकायची का तुला जायचंय, येक काय ते सांग."

"तुमाला गाडीचं खरं वाटतं. मान्साचं नाय."

आबांनी हात धुतला. ताटात पोळी अर्धी होती. "बायको बाळातपनातनं सुटली की जा," म्हणाले, "आडवनार नाय."

दादाची बायको, माझी वहिनी, तेव्हा आठव्यातून नवव्यात गेलेली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण तिचे आईबाप साथीत गेले होते आणि भाऊ गलबतावर, त्यामुळे ती आमच्याकडेच राहिली. त्या घरात मोटारीवर राग नसलेली ती एकटीच. दुपारच्या वेळी गाडी आंब्याखाली सावलीत असे, तेव्हा ती मागच्या बाकड्यावर पाय लांब करून बसे आणि मिठाला लावून कैरी खाई. "हिच्यात मला झोप लागते गो," मला म्हणायची. "घरात सगळी नुसती भिरभिरतात. हीच काय ती एका जागी उभी हाय." मीही तिच्या समोर बसायची. माझ्या लग्नाविषयी ती नाना प्रश्न विचारी. स्थळ महाडच्या बाजारपेठेतलं, दुकानदारांचं. मुलाला मी पाहिलेलं नव्हतं आणि त्यानं मला. वहिनी म्हणे, "मोटार हाय म्हनून घेतायत तुला. मोटार कशी चालते त्ये कळलं की परत पाठवतील." आणि पोट धरून हसे.

चैत्रात तिला कळा सुरू झाल्या. एक दिवस गेला, रात्र गेली. सुईण वाडीतलीच, म्हातारी. आमच्या वाडीतली बहुतेक पोरं तिच्याच हातावर आलेली, मी धरून. उजाडल्यावर ती खोलीबाहेर आली, पडवीत बसली आणि कुणी विचारायच्या आत म्हणाली, "आडवं हाय. हात खाली आलाय पोराचा. माज्या हातचं नाय आता. म्हाडला न्या."

बैलगाडीनं महाड म्हणजे तिन्हीसांजा, आणि त्या खडखडाटात वहिनी टिकणार नाही हे सुईणीनं मान हलवून सांगितलं. आबा अंगणात उतरले. गाडीचं इंजिन आदल्याच आठवड्यात पुन्हा एकदा खोलून बसवलं होतं. त्यांनी तिच्या झाकणावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

आई दारात आली. "त्या मढ्यात माजी सून घालायची नाय!" ती ओरडली. "खिंडीत आडकली तर काय कराल? रस्त्यात सोडाल तिला?"

दादा खांबाला धरून उभा होता. तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "मोटारीनंच न्या मला."

मग कुणी वाद घातला नाही. एक बाकडं काढून खाली गोधड्या घातल्या, वहिनीला आडवं केलं. आई तिच्या उशाशी बसली, हातात बांबूच्या दांड्याचा पंखा. मला पायांशी बसवलं, पाय धरायला. दादानं हँडल मारलं. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. वाडीतल्या लोकांनी गाडी ढकलून रस्त्यावर घातली, दादा ठोकळा घेऊन आबांच्या शेजारी बसला, आणि आम्ही निघालो.

सपाटीवर ती छान चालली. इतकी छान की आईनंसुद्धा एकदा पुढं वाकून बघितलं, आबा काही निराळं करतायत का. उन्हानं करवंदीच्या जाळ्या तापल्या होत्या, रस्त्यावरची तांबडी धूळ टपाखाली येत होती, आणि वहिनी प्रत्येक गचक्याला माझ्या हातांत पाय आखडून घेत होती. ती ओरडत होती तोवर मला भीती वाटत नव्हती. मग खिंडीचा चढ आला.

अर्ध्यावर पहिला हिसका. आबांची मान ताठ झाली. दुसरा. तिसरा. इंजिन खोकलं, गाडी थरथरली आणि थांबली, आणि मागं सरकायला लागायच्या आत दादानं उडी टाकून ठोकळा लावला. पुढं धावत येऊन हँडल मारलं. इंजिन लागलं. आबांनी गिअर टाकून गाडी उचलली, ती दोन हात पुढं गेली आणि पुन्हा थांबली. असं होत राहिलं. दादाचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी त्यानं झाकणाचे खटके काढले आणि ते अख्खं झाकण उचलून रस्त्याच्या कडेला टाकून दिलं.

"आबा, चढताना बगायला पायजे कुनीतरी. उभी ऱ्हायली की काय दिसत नाय. मी मडगारावर बसतो."

"आनि ठोकळा कोन लावील?"

दोघांनी एकाच वेळी मागं पाहिलं. गाडीत वहिनी, आई आणि मी. आबांच्या मनात काय आलं ते मला दिसलं: वयात आलेली लेक, लग्न ठरत आलेलं, उघड्या रस्त्यावर मडगार्डवर. बोलली आई. "जा गो शेवंते. बगतील तर बगतील."

मी पदर कमरेला खोचला आणि पुढच्या चाकावरच्या त्या पत्र्यावर चढले. एका हातानं मोटारीचा पुढचा दिवा धरला, पाय खाली फळीवर टेकवले. इंजिन माझ्या मांडीपाशी, उघडं, तापलेलं, तेलाचा वाफारा तोंडावर. दादानं हँडल मारलं, ठोकळा काढायला मागं पळाला आणि खांदा लावून ढकलायला लागला. आबांनी गाडी उचलली.

आणि तेव्हा मी ते पाहिलं. गाडीवर जोर आला तसं अख्खं इंजिन एका कुशीवर रेललं. दमलेला माणूस भिंतीला रेलतो तसं. अंगणात ते कधी रेललं नव्हतं, कारण अंगणात त्याला कधी काही ओढावं लागलं नव्हतं. ते रेललं तसा प्लगला जाणाऱ्या चार काळ्या वायरींतली एक वायर लोखंडी नळीवर जाऊन टेकली. तिच्या खालच्या अंगाला, जिथं कुणाची नजर पोचली नसती, रबराला चीर होती. तिथून चट् चट् असा आवाज येत होता, आणि सावलीत एक निळा ठिपका चमकत होता. प्लगला जायची ठिणगी नळीत जात होती.

"आबा, वायर! वायर टेकतीय!" मी ओरडले, आणि विचार न करता हातानं ती उचलायला गेले.

असा फटका मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. कोपरापर्यंत हात कुणी पिळून काढावा तसं झालं. मी जवळजवळ चाकाखालीच जायची. पदरानं धरून पाहिली. पदर घामानं ओला, पुन्हा फटका. गाडी गचके खायला लागली होती, आता थांबेल, आता थांबेल. आईला काय समजलं, किती समजलं कोण जाणे. ती वहिनीच्या अंगावरून पुढं वाकली आणि आबांच्या खांद्यावरून तिनं हातातला पंखा माझ्याकडे फेकला. "दांडा सुका हाय!"

मी बांबूचा दांडा वायरीखाली घातला आणि ती नळीपासून उचलून धरली.

चौथा टप आला. मला तो कानानं नाही, मांडीनं कळला. इंजिन एकदम दमदार गुरगुरलं आणि गाडीनं अशी उसळी घेतली की मागून ढकलणारा दादा तोंडावर पडला. तो उठला, ठोकळा हातात घेऊन धावत सुटला. आम्ही चढत होतो, तो धावत होता, आणि अंतर वाढत होतं.

"आबा! दादा ऱ्हायला!"

आबांनी मागं पाहिलं नाही. "तू वायर धर," म्हणाले. "सोडू नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की वहिनीचं ओरडणं थांबलेलं आहे. कधी थांबलं होतं कुणास ठाऊक. आई तिचे गाल थोपटत होती आणि नावानं हाका मारत होती. खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवून चिंधी बांधता आली असती असं आज कुणीही म्हणेल. माझा नातू म्हणतोच. त्याच्या गाडीला बिघाड झाला तर गॅरेजातला मुलगा एक यंत्र जोडतो आणि पडद्यावर दोषाचं नाव उमटतं. पण गरम इंजिन थांबवलं तर हँडलला दाद देईल की नाही याची आबांना खात्री नव्हती, आणि हँडल मारणारा मागं राहिला होता. वळणावर मी मान वळवली तेव्हा दादा रस्त्याच्या मधोमध होता, लहानसा. अजून धावत होता.

खिंडीपासून महाडपर्यंत मी त्या मडगार्डवर होते. सावित्रीच्या दगडी पुलावरून गेलो, तेव्हा खाली पाण्यात कपडे धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघायला लागल्या. बाजारपेठेतून गेलो. माझे केस सुटलेले, तोंड काळं, लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलेलं, हातातला पंखा इंजिनात खुपसलेला. ज्या घरात मी जायची होते त्यांचं दुकान त्याच रस्त्यावर. फळीवर बसलेल्या माणसांतला कोणता माझा सासरा होणार होता ते मला माहीत नव्हतं. त्यांना मात्र कुणीतरी सांगितलंच. महिन्याभरात नकार आला, की मुलाला इतक्यात कर्तव्य नाही. आईनं चार दिवस डोळे पुसले. मला वाईट वाटल्याचं आठवत नाही, आणि पुढं जिथं पडले तिथं बरी पडले. मोटारीचंही इथंच सांगून टाकते. नंतर पाहिलं तर इंजिन धरून ठेवणारा एक बोल्ट झिजला होता, म्हणून ते कलत होतं. बोल्ट बदलला, वायरी नव्या घातल्या. तरी त्या गाडीचं चढावर किंचित खोकणं काही पूर्ण गेलं नाही. का, ते कुणालाच कधी सापडलं नाही.

दवाखान्याच्या आवारात गाडी शिरली तशी दोन बायका खाट घेऊन आल्या. वहिनीला आत नेलं, तिच्या मागं आई गेली, दार लागलं. आबा पायरीवर बसले. मी मडगार्डवरून उतरले, पण माझी बोटं दांड्यावरून सुटेनात, तेव्हा एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं उलगडली. इंजिन तसंच चालू होतं. आबा ते बंद करायला विसरले होते. इतके आठवडे ज्या आवाजासाठी त्यांनी कान टवकारले होते, तो त्यांच्या पाठीशी चालला होता, आणि त्यांना तो ऐकूही येत नव्हता. कंपाउंडर बाहेर येऊन रागावला, "कुणाची मोटार ही? आत माणूस अत्यवस्थ आहे!" आबा दचकून उठले, खटका ओढून आले आणि पुन्हा पायरीवर बसले.

ऊन अंगणभर झालं. आतून कधी पावलांचा आवाज येई, कधी भांड्याचा. रडण्याचा येत नव्हता, ना मोठ्याचा ना लहानाचा. आबांची मांडीवरची बोटं हलत नव्हती. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शांताराम गिअर बरोबर टाकायचा." शांताराम म्हणजे दादा. मग म्हणाले, "मला ठावं होतं."

मग दार किलकिलं झालं आणि डॉक्टरांनी आबांना खूण केली. मला म्हणाले, "मुली, तू ते हात धुऊन ये आधी." माझे तळहात भाजले होते आणि त्यावर तेल बसलं होतं. विहीर आवाराच्या फाटकाजवळ होती. मी पाणी शेंदलं, हात बुडवले, आणि आत जाऊ नये, जेवढं उशिरा कळेल तेवढं बरं, असं वाटून तिथंच उभी राहिले.

तेवढ्यात दादा आला. वाटेत कुणाच्या बैलगाडीत बसला असेल, पण शेवटचा पल्ला धावतच आला होता. केसांपासून पायांपर्यंत तांबडा, पायांत वहाणा नाहीत, गुडघा फुटलेला. फाटकाशी त्याला मोटार दिसली, मागची रिकामी गोधडी दिसली, त्यावरचं रक्त दिसलं. तो तिथंच थांबला. आत पाऊल टाकेना. माझ्याकडे बघितलं त्यानं, पण मला काय माहीत होतं की मी सांगावं?

आबा दवाखान्याच्या दारातून बाहेर आले. पायऱ्या उतरले, सगळं आवार चालून फाटकापर्यंत आले.

"दोघी हायत, मायलेकी," आबा म्हणाले.

दादा होता तिथंच मातीत बसला. आबाही बसले.